म्हाताऱ्यांचा जबाब

आमच्या मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर वर्षाला आकडा नसे, नाव असे. मोठा दुकाळ, मानमोडीची साल, गवताची साल, रझाकाराची साल. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो, आजीला दादी. दादांना वय विचारलं तर सांगायचे, "मानमोडीत मी बैलाला वेसण घालण्याएवढा होतो." मानमोडी म्हणजे 1918 ची तापाची साथ. पुढं मी शिकलो, मास्तर झालो, गॅझेटियर चाळायला लागलो आणि दादांच्या सालींना आकडे लावायचा छंद जडला. बहुतेक साली जिथल्या तिथं बसल्या. ज्या बसल्या नाहीत, त्यांत दर वेळी दादाच चुकले होते असंही नाही.

पुस्तकातला आमचा वाशीम जिल्हा वेगळा आहे. त्यात वत्सगुल्म येतं, वाकाटक येतात, भोसल्यांच्या काळातलं बालाजीचं देऊळ येतं, कारंजाचे गुरुमहाराज येतात. इंग्रजांशी झगडा म्हटला की पुस्तक आम्हाला सोडून पुण्या-मुंबईला निघून जातं. दादांच्या आणि दादीच्या गोष्टींत मात्र इंग्रज सारखा यायचा. पण तो टोपी घालून, घोड्यावर बसून कधीच येत नसे. तो मिठातून यायचा, गवतातून यायचा, कोंडवाड्याच्या पावतीतून यायचा.

दादांची सगळ्यात लांबची गोष्ट नौसाजी नाईकाची. ती त्यांनी बाजारातल्या एका हटकर मित्राकडून घेतलेली. पैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत हटकर नाईकांचा दरारा होता, आणि त्यांच्यातला नौसाजी निजामालाही जुमानेना, निजामाच्या पाठीशी उभ्या इंग्रजालाही जुमानेना. 1819 साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज त्याच्यावर चालून आली. उमरखेडकडे लढाई झाली, मग तो नाव्ह्याच्या किल्ल्यात शिरला. हे नाव्हा आज नांदेड जिल्ह्यात, हदगावच्या बाजूला. किल्ल्यात त्याच्याबरोबर अरब शिपाई होते. वेढा पडला, किल्ला पडला, नौसाजीला धरून हैदराबादला नेलं आणि तो तिकडंच वारला. पुस्तकात किल्ला तोफांनी पडतो, दादांच्या गोष्टीत फितुरीनं. मी पुस्तक दाखवलं तर दादा म्हणाले, "तोफा तर सगळ्यांकडंच असतात रे. दार उघडणारा माणूस लागतो."

या गोष्टीचं पुढचं टोक मला कागदांत सापडलं. त्या फौजेला पुढं हैदराबाद कंटिन्जंट हे नाव पडलं. तिची एक छावणी हिंगोलीला, म्हणजे आमच्या शेजारीच. फौज इंग्रजांच्या हुकमात आणि पगार निजामानं द्यायचा. पगार थकत गेला, कर्ज चढत गेलं आणि 1853 च्या तहात त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1902 मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाला वर्षाला 25 लाख रुपये लावून देऊन ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं. कागदावर मुलूख निजामाचा, कारभार साहेबाचा, सारा कुणब्याचा. हे सगळं मी दादांना समजावून सांगितलं. त्यांनी चिलीम झाडली आणि म्हणाले, "म्हणजे राखणीला कुत्रा पाळला, आणि त्याच्या भाकरीपायी शेत लिहून दिलं."

"मग तेव्हा आपण कुठं होतो, दादा?"

"आपण धान्य पुरवत होतो. ज्याची फौज, त्याला."

हे सांगताना त्यांना लाज वाटत नसे, आणि मलाही ते झाकावंसं वाटत नाही. बंजाऱ्यांचे बैल मोगलांच्या फौजांमागं चालले, मराठ्यांच्या चालले, आणि 1803 मध्ये असई, अडगाव, गाविलगडच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेमागंही चालले. वेलस्लीच्या पत्रांत आमच्या लोकांचा उल्लेख जागोजाग आहे, कारण तांडा आला नाही तर फौज उपाशी. ज्या साहेबाला आमच्या बैलांवाचून पाऊल टाकता येत नव्हतं, त्याचे वारस दोन पिढ्यांत त्या बैलांना रस्त्यावरून हाकलणार होते.

लदेणी हा आमचा धंदा. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडं गोणी, पुढं नंगाऱ्याचा आवाज, मागं बायका-पोरं, आणि मुक्काम उठला की मागं उरणार चुलीची राख. समुद्राकडून मीठ वर न्यायचं, येताना धान्य आणायचं. आमच्या घरी पणजोबांच्या वेळची एक गोणी होती. दादीनं ती जपलेली. जाडजूड, हातानं विणलेली, काठाला कवड्या लावलेली. तिच्या शिवणीत नख घातलं तर पांढरं काहीतरी निघायचं. दादी म्हणायची मीठ आहे. मी लहानपणी जिभेला लावून पाहिलं, मातीच लागली. पण दादी ऐकायची नाही.

हा मिठाचा धंदा कसा गेला? दादांच्या सांगण्यात काट्याचं कुंपण यायचं. "साहेबानं मुलखाला कुंपण घातलं होतं," ते सांगायचे. मला ती भाकडकथा वाटायची. पुढं वाचलं तर कुंपण खरं निघालं. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैलांची जकातीची रेघ आखली होती. तिच्यात लांबच्या लांब पल्ल्यांवर बाभूळ, बोर, निवडुंगाचं जिवंत कुंपण लावलेलं, जिथं झाड जगत नाही तिथं दगडाची भिंत. पहाऱ्याला 12,000 च्या आसपास माणसं. ही रेघ आमच्या वऱ्हाडाच्या उत्तर अंगाला बऱ्हाणपुरावरून जाई. 1879 मध्ये ती मोडली, कारण तोवर मीठ तयार होतं तिथंच कर बसवायची सोय झाली होती. 1882 च्या कायद्यानं मीठ पुरतं सरकारच्या मुठीत गेलं.

तोवर आगगाडीही आली होती. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा फुटला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रूळ आले ते त्या कापसाला बंदरापर्यंत न्यायला. येताना डब्यांत मीठ आलं. महिना-महिना चालणाऱ्या बैलानं डब्याशी काय म्हणून बरोबरी करावी? पणजोबांनी शेवटची लदेणी कुठल्या साली केली ते कुणाला ठाऊक नाही. दादी एवढंच सांगायची की परत आल्यावर त्यांनी बैल विकले आणि आठ दिवस अळणी खाल्लं.

म्हणून 1930 कडं आमचा तांडा जरा तिरप्या नजरेनं बघतो. 6 एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र नाही, तेव्हा इथल्या पुढाऱ्यांनी अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा निवडलं. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारट. ते पाणी उकळून 13 एप्रिलला तिथं सत्याग्रह झाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, बातमी आमच्यापर्यंत पोचली. दादीला मी एकदा विचारलं, तांड्यातून कोणी गेलं होतं का? ती म्हणाली, "आमचं मीठ जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली होती. तेव्हा कोणी आलं होतं का विचारायला?"

तिच्या या एका वाक्यानं मी शाळेत शिकवायचो तो धडा उलटा झाला. मिठाचा कर सगळ्या देशाला खुपला हे खरंच. पण मीठ ज्यांच्या पाठीवरून देशभर जायचं, त्यांना तो नुसता खुपला नव्हता, त्यानं त्यांचा धंदाच मोडला होता. आणि धंदा मोडलेल्या माणसाला सरकारनं दुसरं नाव दिलं. 1871 या एकाच साली दोन कायदे झाले. एक जनावरांच्या अतिक्रमणाचा, ज्यानं गावोगाव कोंडवाडे आले. दुसरा गुन्हेगार जमातींचा, ज्यानं जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरू लागला. दुसरा आधी उत्तरेत लागू झाला आणि पुढं पसरत गेला. फिरता माणूस आणि फिरतं जनावर, दोघांनाही एका वर्षात कुंपण घातलं गेलं.

गवताची साल आमची खरी, तीही 1930 चीच. वऱ्हाडच्या 1886 च्या जंगल कायद्यानंतर रानं वर्गांत वाटली गेली: लाकडाचं अ वर्गात, राखीव गवताचे रमणे ब वर्गात, चराईचं क वर्गात. आजही आमच्याकडं गायरानाला कुणी गायरान म्हणत नाही, 'ई-क्लास' म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा म्हणते, "बकऱ्या ई-क्लासात गेल्या." साहेब गेला, त्याचा वर्ग राहिला.

10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे. पण 1905 पर्यंत जुन्या वाशीम जिल्ह्याचे तालुके तीनच: वाशीम, मंगरूळ आणि पुसद. इंग्रजांनी तो जिल्हा मोडून पुसद यवतमाळला दिलं आणि बाकीचं अकोल्याला. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा परत झाला तो पुसदवाचून. सोयरिकी मात्र मोडल्या नाहीत, आमच्या अर्ध्या लेकी अजून पुसदकडं नांदतात. म्हणून गवताची बातमी आमच्या तांड्यावर वर्तमानपत्राआधी पोचली. दादा तेव्हा पंचविशीचे. ते गेले होते का? "गेलो होतो, पण उभा राहायला," ते सांगायचे. "विळा सोबत होता. पण त्या दिवशी खादीवाल्यांनी कापायचं असं ठरलं होतं. आम्ही तर रोजच कापत होतो."

या रोजच्या कापण्याचं शास्त्र दादांनी मला एकदा नीट सांगितलं. ते कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. नाकेदाराची, म्हणजे रानाच्या पहारेकऱ्याची, फेरी कुठल्या दिवशी, हे बाजारात कळायचं. तो रानात शिरला की पहिल्या पोरानं एका ठरलेल्या म्हशीला ठरलेल्या नावानं हाक मारायची. त्या नावाची म्हैस तांड्यात नव्हतीच. बैल कोंडवाड्यात गेलाच तर ज्याचा बैल त्यानं एकट्यानं दंड भरायचा नाही. घरटी वर्गणी, आणि तांड्याच्या नायकाचं घर पहिलं. पोलिस आला तर जो प्रश्न विचारेल त्याचं उत्तर नायक देणार, बाकी सगळ्यांना मराठी येत नाही. होळीच्या लेंगीत बाया नाकेदाराचं नाव घालून अशी काही गाणी म्हणायच्या की तो शिमग्यात तांड्याकडं फिरकत नसे. आणि तांड्यातलं भांडण तांड्यातच मिटायचं, ठाण्याची पायरी चढायची नाही.

दादा हे रंगवून सांगायला लागले की दादी मध्येच टाचणी लावायची. "तांड्यातलं भांडण तांड्यात मिटायचं. पण मिटवायला बसायचे सगळे गडी. बाईवर दंड बसला तर तिची वर्गणी कुणी काढली होती का?" दादा गप्प व्हायचे. ठाण्यात न जाण्यानं तांडा सरकारच्या हातून वाचला, आणि त्याच न जाण्यानं तांड्यातल्या बाईला कुठं जायला जागा उरली नाही. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही लिहितो, कारण दादीनं मला दोन्ही सांगितलं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा दादा कारंजाला कापसाच्या गाठी उचलत होते. तांड्यातले बरेच गडी हंगामात तिथं हमालीला जात. गाठी लहान रुळांच्या गाडीत चढायच्या आणि मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत जायच्या. ही यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी, जिला सगळे शकुंतला म्हणतात, किलिक निक्सन या इंग्रज पेढीनं घातली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. पण हे रूळ पुढची कित्येक दशकं खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले आणि सरकार करार करून त्यांवर गाडी चालवत राहिलं. 1994 पर्यंत मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन ती ओढत होतं. दादा म्हणायचे, "झेंडा बदलला, गाडी तीच."

31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली, आणि ठाण्यातली नजर पुष्कळ वर्षं बदलली नाही. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावरचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते. तरी आजही दिवाळी झाली की आमच्या तांड्यांवरून ऊसतोडीला ट्रक निघतात. इंग्रजांच्या आणि निजामाच्या सीमांनी एका समाजाचे तुकडे केले, ते तसेच राहिले. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या समाधीपुढं रामनवमीला तिन्ही राज्यांतले लोक एकाच बोलीत अरदास करतात, आणि दाखले काढायला गेले की तीन निरनिराळे लोक होतात.

या सगळ्या गोष्टी मी वर्षानुवर्षं जमवत होतो ते हौसेनं. त्यांचा कुठं उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मग 2006 चा वनहक्क कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन, चराई, गौण उपज यांवरचा हक्क त्यानं मान्य केला. अनुसूचित जमातींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. आम्ही इथं अनुसूचित जमाती नाही, म्हणून 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांनी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं वास्तव्य असल्याचा पुरावा द्यायचा. वजाबाकी करून पाहा. तारीख येते 13 डिसेंबर 1930.

ज्यांना इंग्रजानं फिरत होते म्हणून गुन्हेगार मानलं, त्यांनी एका जागी राहत असल्याचा 1930 चा पुरावा आणायचा! कागद कुठून आणणार? एका कचेरीत मला सांगितलं गेलं, "इंग्रजांच्या वेळचा उतारा असेल तर बोला." पण कायद्याचे 2008 चे नियम मी वाचले होते. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. तिच्यात सरकारी नोंदी आहेत, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाबही आहे. एकच पुरावा चालत नाही, यादीतले एकाहून अधिक लागतात, हेही तिथंच लिहिलेलं आहे.

आमच्या तांड्यावर ग्रामसभेनं वनहक्क समिती नेमली आणि लिहायचं काम माझ्याकडं आलं. दादा-दादी तोवर गेले होते. एक आजी होती, नव्वदीच्या घरातली, नजर अधू, कान शाबूत. तिचा दावा नव्हता, म्हणून तिचा जबाब चालत होता. मी विचारलं, "तांडा इथं कधीपासून?" ती म्हणाली, "आधीपासून." मी म्हटलं, "साल सांगावं लागेल, आजी." ती विचारात पडली. मग हात जमिनीपासून वर धरून म्हणाली, "पुसदला गवत कापून लोक तुरुंगात गेले, त्या पावसाळ्यात मी एवढी होते. याच नाल्यावर बकऱ्या राखत होते. विहीर तेव्हा खणली होती, बांधली नव्हती. गोष्ट करायला माणसं रात्री आमच्याच घरापुढं बसली होती."

मी लिहिताना थांबलो. पुसदचं गवत म्हणजे 10 जुलै 1930. कायद्याला हव्या असलेल्या तारखेच्या पाच महिने आधी. अण्यांनी त्या दिवशी विळा चालवला तेव्हा आपण एका तांड्याच्या जन्माची नोंद करतो आहोत हे त्यांच्या मनातही नसेल. जबाबाखाली आजीचा अंगठा घेतला, सोबत विहिरीचा पंचनामा जोडला. दावा वरच्या समितीकडं गेला. आजी निकालाची वाट बघत दोन पावसाळ्यांनी गेली. जबाब फाइलीत आहे.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. कॅनडात गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या आदिवासींनी आपल्या भूमीचा दावा लावला, तेव्हा त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कोर्टात पिढीजात कथा सांगितल्या, गाणी म्हटली. 1991 मध्ये न्यायाधीशांनी ती मानली नाहीत. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डेल्गामूक खटल्यात सांगितलं की मौखिक इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीनं तोललं पाहिजे. केनियात माऊ माऊ उठावाच्या वेळी इंग्रजांच्या छळछावण्यांत हाल सोसलेले लोक म्हातारपणी लंडनच्या कोर्टात उभे राहिले. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारनं 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंड मान्य केले आणि खेद व्यक्त केला. या लढाया उभ्या राहिल्या त्या म्हाताऱ्यांच्या आठवणींच्या आधारानं, आणि त्या आठवणी माणूस जिवंत असताना नोंदल्या गेल्या म्हणून.

इंग्रजांनी आमच्याकडून मीठ घेतलं, रस्ता घेतला, रान घेतलं. ही तिन्ही कामं त्यांनी कागदावर केली. उलटा हक्क मागायचा तर तोही कागदावरच मागावा लागतो, ही अडचण खरी आहे. पण कागद तयार करायचा अधिकार आता ग्रामसभेला आहे, आणि तो वापरायला पैसा लागत नाही. तांडा असो, पारधी बेडा असो, धनगरवाडा असो की कोलामांचा पोड, तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर वही घ्या आणि समोर बसा. साल विचारू नका, त्या साली काय झालं ते विचारा. विहीर कुणी खणली, बैल कुठं कोंडले, दंड किती, तो कुणी भरला, हे लिहा. जे अवघड वाटेल तेही लिहा. खाली तारीख टाका, सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या, आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.

आमच्या तांड्यावर 1930 पाहिलेलं आता कोणीही उरलेलं नाही. तुमच्याकडं कोणी उरलं असेल तर आजच जा.